हॉलंडच्या बाईचं ताट

बाबा, परवा मी तुमचं हॉलंड पाहून आले. अर्ध्या दिवसाची सहल. सकाळी निघायचं आणि जेवणाच्या वेळेला परत, अगदी तुमची होती तशीच. एक बस, बसमध्ये पुढे उभा राहून बोलणारा एक गाईड, बाहेर सपाट हिरवी जमीन, काठोकाठ भरलेले कालवे आणि जगाशी आपल्याला काही घेणंदेणं नाही अशा थाटात उभ्या असलेल्या गायी. तेवढं तुम्ही खरं सांगितलं होतं. मी खिडकीशी बसले होते आणि एकेक गोष्ट तुमच्या भाषणाशी ताडून पाहत होते. पवनचक्की आली, बरोबर. कालवा रस्त्यापेक्षा उंच, बरोबर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला ते भाषणच आठवावं लागतं. माझ्याशी म्हणून वेगळं असं तुम्ही फारसं काही बोललाच नाहीत.

माझा मुलगा इकडे नोकरीला आहे. तो आणि सून मला थोड्या दिवसांसाठी घेऊन आले. आजोबांना गावात 'हॉलंडवाले' म्हणत हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. "आई, आजोबांची ट्रिप करून टाकू," असं तो म्हणाला, त्याला त्यात गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती, पण मी जाणार होतेच. मायनं निघताना एक काम सांगितलं होतं. ते काय, ते सांगते. पण त्याआधी तुम्हाला जरा मागे नेते, कारण तुम्ही सोयीचं तेवढंच लक्षात ठेवणारे होता.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. जिल्हा परिषद, पंचायत समिती ही नावं लोकांच्या तोंडी बसायची होती. धाडच्या बाजारात आपली वांगी आणि मिरची गेली की लोक आधी आपल्या ढिगाकडे यायचे, विहिरीवर तुम्ही इंजिन बसवलं होतं, बांधावर उभे राहून चार माणसांना पटेल असं बोलता येत होतं. म्हणून परदेशी अभ्यासदौऱ्याला जायला जिल्ह्यातून जे दोघे निवडले गेले त्यात तुम्ही होता. दुसरे संग्रामपूरकडचे एक शेतकरी. दौरा सगळा जर्मनीचा. तिथलं शेतकी प्रदर्शन, तिथली यंत्रं. परतीचं विमान हॉलंडमधून होतं, त्याआधी अर्धा दिवस मोकळा सापडला म्हणून कोणीतरी तुम्हा सगळ्यांना हॉलंडच्या खेड्यापाड्यांतून बसनं फिरवून आणलं. गंमत अशी की जर्मनीबद्दल तुम्ही पुढे कधी चकार शब्द काढला नाहीत. ती यंत्रं आपल्याला घेता येण्यासारखी नव्हती. हॉलंडचं मात्र भाषण होण्यासारखं होतं.

मलकापूरच्या स्टेशनवर तुमच्या गळ्यात इतके हार पडले होते की मला तुमची हनुवटी दिसत नव्हती. घरी आल्यावर तुम्ही ट्रंक उघडता. मी अकरा-बारा वर्षांची, ट्रंकेच्या कडेला हात धरून बसलेली. मला वासाच्या साबणाची वडी मिळते, धाकट्या भावाला चाकाची मोटार. मायला काही नाही. आणि मग टॉवेलात गुंडाळलेलं ते ताट निघतं. चिनी मातीचं, पांढरं, त्यावर निळ्या रंगात पवनचक्की आणि कालवा. "ज्या घरी जेवलो ना, त्या घरच्या बाईनं देल्लं," तुम्ही सांगता. माय पुढे होते, पदरानं ते ताट पुसते, पुसायला त्यावर काही नसतं तरी पुसते. तिला वाटलं असेल, बाईनं बाईसाठी दिलंय. तुम्ही ते तिच्या हातातून घेतलंत आणि ओसरीच्या भिंतीवर तारेनं टांगलंत.

त्यानंतर सुरू झाली तुमची भाषणं. पंचायत समितीच्या अंगणात, शेतकरी मेळाव्यात, धाडच्या बाजाराच्या दिवशी, एकदा तर लोणारच्या शाळेत. सुट्टी असली की मला सोबत न्यायचात. कौतुकानं नव्हे, एसटीत ते ताट मांडीवर धरून बसायला कोणीतरी हवं होतं म्हणून. त्यामुळे ते भाषण मला तोंडपाठ आहे. आधी समुद्र, मग बांध, मग गायी. आणि शेवटी तुम्ही आवाज खाली आणायचात. "मंडळी, आमी एका शेतकऱ्याच्या घरात गेलो. टेबल मांडेल होतं. शेतकरी बसला, त्याचे पोरं बसले, गडी बी बसला. अन् त्याची बायको कुठी असन? चुलीपाशी? नाही मंडळी! ते बी बसली. नवऱ्याच्या बाजूले, सोताचं ताट घेऊन बसली. ज्या घरची बाई बसून जेवते ना, त्या घरची गाय बी दोन शेर दूध जास्त देते!" लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मी उठून ताट तुमच्या हातात द्यायचे. ते तुम्ही उंच धरायचात. "हे पाहा त्या बाईच्या घरचं ताट. आपल्या बायाइनं बी असंच बसलं पाह्यजे!" पुन्हा टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाई एकही नसायची, त्या घरी चुलीपाशी असायच्या.

आपल्या घरी जेवणाची रीत काय होती ते तुम्हाला आठवत नसेल, कारण तुम्ही ती कधी मागून पाहिली नाही. आधी तुम्ही आणि भाऊ. मग मी. मग माय, आणि ती तुमच्याच ताटात. तुम्ही भाकरीचा शेवटचा तुकडा टाकून, हात धुऊन उठलात की ती ते ताट तसंच पुढे ओढायची, त्यातच वाढून घ्यायची. आजी तसंच जेवली, काकू तसंच जेवायची, गावातल्या सगळ्याच बाया तसंच जेवायच्या. घरात ताटं काही कमी नव्हती. मायचं म्हणून एक नव्हतं. तिला त्याचं दुःख होतं असं मी म्हणणार नाही. उलट तुम्ही परगावी असलात की ती कोणाच्या ताटात जेवायचं या विचारानं घोटाळल्यासारखी व्हायची आणि हातावर भाकर घेऊन चुलीशी बसायची.

मग एक दिवस तुमचं भाषण आपल्याच गावात झालं, शाळेच्या पटांगणात, आणि त्या दिवशी महिला मंडळ निघायचं होतं म्हणून बायांनाही बोलावलं होतं. मायनं तुमचं भाषण पहिल्यांदा ऐकलं. मी ताट धरून पुढे बसले होते आणि वळून वळून तिच्याकडे पाहत होते. 'आपल्या बायाइनं बी असंच बसलं पाह्यजे' या वाक्याला तुम्ही बायांच्या बाजूला हात केलात. मायनं पदर पुढे ओढला आणि खाली पाहिलं. घरी येताना वाटेत तिनं तुम्हाला एकच गोष्ट विचारली. मी मागून चालत होते.

"तिचं ताट वेगळं होतं?"

"हाव, मंग! वेगळंच," तुम्ही म्हणालात. "आपलं आपलं ताट रायते त्यायचं."

"अन् घरधनी काही म्हने नाही?"

"तो काय म्हनन? त्याले बरंच वाटे."

तुम्ही खुशीत होता. भाषण चांगलं झालं होतं. पुढे होऊन तुम्ही कोणाशी तरी बोलायला लागलात, आणि माय चालता चालता माझ्याही मागे पडली. मला वाटलं दमली असेल.

थोड्याच दिवसांनी पंचायत समितीचे बीडीओ साहेब बाग पाहायला आले. सोबत सरपंच, ग्रामसेवक, आणखी दोघं-तिघं. तुम्ही त्यांना वांग्याचे वाफे दाखवलेत, इंजिन चालवून दाखवलंत आणि जेवायला घरी घेऊन आलात. ओसरीवर पंगत मांडली होती. पुरणपोळी, कढी, भजी, कुरड्या. मी पाण्याचे गडवे ठेवत होते. तेव्हा मला दिसलं की तुमच्या पाटाच्या डाव्या हाताला एक पाट जास्त आहे. आणि भिंतीवरची तार रिकामी आहे.

सगळे बसले. माय आतून आली. नेसली होती ती चांगली हिरवी साडी, पदर डोक्यावर, हातात ते निळं ताट. त्यात तिनं स्वतःला वाढून घेतलं होतं. ती आली आणि तुमच्या बाजूच्या पाटावर बसली. बाबा, ती काही डोकं फिरून बसली नव्हती. तिनं सगळं विचार करून मांडलं होतं. पोळ्यांची दुरडी तिच्या उजव्या हाताशी होती, तुपाचं भांडं शेजारी, कढीचं पातेलं मागे, हात लांब केला की मिळेल असं. बसल्या बसल्या सगळ्यांना वाढता येईल अशी सोय तिनं केली होती. तुम्ही चार गावांत सांगून आलात ते तिनं खरं मानलं. तुमच्या बोलण्याप्रमाणे घरातलं एवढं एकच माणूस वागायला निघालं होतं.

मग बीडीओ साहेब हसले. "वा! हॉलंड तर घरातच आलं की!" तुम्हीही हसलात. मला वाटलं, झालं, निभावलं. आणि मग हसता हसता, तिच्याकडे न पाहता, समोरच्या भजीकडे पाहत तुम्ही म्हणालात, "अन् वाढन कोन? तुही माय येनार हाय काय वाढाले?"

मायची आई त्याच वर्षी वारली होती. पण ते जाऊ द्या. सगळे हसले, सरपंच जरा जास्तच. माय उठली. उठताना ताट गडव्यावर आपटलं, टण्ण आवाज आला आणि त्याला काठापासून आतपर्यंत बारीक तडा गेला. ती ते घेऊन आत गेली, आणि लगेच बाहेर आली, आणि वाढायला लागली. दुरडी जिथे होती तिथूनच उचलून. साहेबांना ती आग्रह करत होती, आणखी एक घ्या म्हणत होती. तुम्ही त्यांना मधल्या काळात समुद्राला घातलेले बांध सांगत होता.

पाहुणे गेल्यावर तुमचं ताट आत आलं. माय चुलीशी बसली होती. तिनं ते ताट पाहिलं, उचललं आणि राखेनं घासायला घेतलं. मग दुरडीतली उरलेली पोळी हातावर घेतली आणि खाल्ली. त्या दिवसापासून तुम्ही जाईपर्यंत ती तुमच्या ताटात जेवली नाही. दुसऱ्या कोणत्याही ताटात जेवली नाही. हातावर भाकर, भाकरीवर भाजी. तुमच्या लक्षात आलं होतं का हो? आलं असणारच. तुम्ही रोज ताट सरकवून उठताना त्यात एक तुकडा ठेवायचात आणि तो तुकडा रोज गाईला जायचा. तुम्ही एकदाही 'काऊन वं?' असं विचारलं नाहीत. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, तिला नाही, तुम्हाला.

आणि त्या आठवड्यातच तुमचं पुढचं भाषण होतं. मला वाटत होतं आता ती बाई भाषणातून जाईल. कशाची जाते! तड्यात कढीची हळद उतरून पिवळी रेघ पडली होती, ती तुम्ही लोकांना दाखवलीत आणि म्हणालात, "येतानी इमानात आदळलं थोडं." बाई तशीच बसली होती टेबलाशी. उलट आता ती हसायलाही लागली होती. "हसत हसत जेवून राह्यली होती, मंडळी!" मी पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी मी ताट तुमच्या हातात दिलं नाही, बाकावर ठेवून दिलं. तुम्हाला वाटलं मी विसरले. परत येताना एसटीत रागावलात, "ध्यान कुठी असते वं तुहं?" म्हणालात. माझं ध्यान जिथे असायला हवं तिथेच होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी दोन पोरांची आई होते. तेरवीला संग्रामपूरकडचे ते तुमचे सोबती आले होते, एसटी बदलत बदलत, थकलेले. त्यांना कोणी कधी भाषणाला बोलावलं नाही, तेही हॉलंडला जाऊन आले होते हे लोकांच्या ध्यानातही नव्हतं. लिंबाखाली बसून चहा पिता पिता त्यांनी तुमचं कौतुक केलं, आणि मग म्हणाले, "भाऊ बोलाचे लय भारी. पन बाई, आमी तिथं कोनाच्या घरात कवा गेलो? बस थांबली ते दुकानापाशी. घरं तं सारे खिडकीतूनच पाह्यले." मला त्यांचा राग आला. तुमच्यावर कितीही राग असो, तेरवीच्या दिवशी परक्या माणसानं तुम्हाला खोटं पाडलेलं मला सोसलं नाही. म्हाताऱ्याला आठवत नसेल, असं म्हणून मी ते टाकून दिलं. माय आत होती, तिनं ऐकलं नाही.

आता मायचं काम. ती नव्वदीच्या घरात आहे, गावीच असते भावाकडे. निघायच्या आधी मी तिच्या पाया पडायला गेले. ती बाजेवर बसली होती, तुमच्या हार घातलेल्या फोटोच्या खाली, आणि फोटोच्या बाजूला अजून ते ताट टांगलेलं आहे, पिवळ्या रेघेसकट. मला जवळ बसवून ती म्हणाली, "तिकडं चाललीच तं त्या बाईले पाह्यजो."

"कोणत्या बाईला?"

"तुह्या बापानं सांगतलेली. टेबलावर जेवनारी."

"माय, ती आता कुठून जिवंत असेल?"

"तिची सून असन. पोरगी असन. तिच्या घरात बाया बसून जेवतेत का, तेवढं पाह्यजो अन् मले सांगजो." मग जरा थांबून म्हणाली, "मले वाटे, मीच काही उलटं आयकलं होतं त्या दिवशी."

इतकी वर्षं! इतकी वर्षं तिच्या मनात हे होतं की चूक आपल्या ऐकण्यात झाली. तुम्ही बोललात ते ठीकच असणार, आपल्यालाच नीट कळलं नाही, आणि म्हणून चार लोकांत आपलं हसं झालं. बाबा, मी तिथे तिच्यासमोर रडले नाही, गाडीत बसल्यावर रडले. आणि ठरवलं की ती बाई मी शोधणार, तिची सून, नात, कोणी का असेना, आणि मायला सांगणार की तू उलटं ऐकलं नव्हतंस.

तर परवा बस निघाली. पवनचक्की झाली. मग एका दुकानापाशी थांबली, पुढे चीज, मागे लाकडी जोडे करून दाखवणारा एक जण, आणि बाजूच्या फळीवर निळी ताटं. भाकरीची चवड लावावी तशी एकावर एक रचलेली. तीच पवनचक्की, तोच कालवा. मी एक उचलून पाहिलं, उलटं केलं, मागची खूणही तीच होती. कोणी बाईनं दिलं नव्हतं तर. तिथेच मला अर्धं कळलं. तरी मी मुलाला म्हटलं, गाईडला विचार, ही सहल कोणाच्या घरी जेवायला थांबते का, पूर्वी तरी थांबायची का? गाईड म्हातारा होता, त्याच्या आधी त्याचे वडील याच रस्त्यावर प्रवाशांना फिरवायचे. तो हसला. अर्ध्या दिवसात जेवण कुठे बसवणार, म्हणाला. शेतकरी कामात असतो, बसभर माणसं तो घरात कशी घेईल? वडिलांच्या वेळीही बस इथेच थांबायची. घरं बाहेरूनच पाहायची.

नंतर बस एका कालव्याच्या कडेनं हळू चालली होती. रस्त्याला लागून एक शेतकऱ्याचं घर, आणि त्याची मोठी खिडकी, पडदा नाही. इकडे पडदे लावत नाहीत, आतलं सगळं दिसतं. आत एक लांब टेबल होतं. त्यावर स्वच्छ कापड, भोवती खुर्च्या, ताटं मांडलेली. माणूस कोणी नव्हतं. बस पुढे गेली.

तुम्ही हेच पाहिलंत ना? असंच एक टेबल, बसच्या काचेतून, जाता जाता. खुर्च्या रिकाम्या होत्या. शेतकऱ्याला तुम्ही बसवलंत, पोरांना बसवलंत, आणि बाईलाही तुम्हीच बसवलंत. मी उरलेला सगळा रस्ता बाहेर काही पाहिलं नाही. इतकी वर्षं मी तुमच्याविषयी असं धरून चालले होते की या माणसानं परक्या देशात एक चांगली गोष्ट पाहिली, ती त्याला आवडली, पण घरी आणण्याएवढी हिंमत झाली नाही. अशी माणसं पुष्कळ असतात. त्याला मी भित्रेपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही ते पाहिलंच नव्हतं. ते तुम्हाला सुचलं होतं. आपल्या ओसरीवर जेवणारा, आपलं उष्टं ताट मागे सोडून उठणारा माणूस, त्याला कोणी न सांगता सुचलं की बाईनं शेजारी बसावं, तिचं ताट वेगळं असावं, तिनं हसत जेवावं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चुलीशी काय चाललंय ते तुम्हाला सगळं माहीत होतं. जी बाई नव्हतीच तिला तुम्ही जन्मभर मानानं बसवून ठेवलंत, आणि जी खरोखर येऊन बसली तिला उठवलंत. बाबा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. मला शब्द सापडत नाही, आणि जे सापडतात ते बापाला लिहिण्यासारखे नाहीत.

संध्याकाळी मुलानं घरी फोन लावला. भावजयीनं मायच्या समोर फोन धरला. तिचा चेहरा अगदी जवळ आला, मग कपाळच दिसायला लागलं. तिनं ना हवा विचारली ना तब्येत.

"दिसली काय वं?"

मुलगा माझ्या शेजारीच होता. सकाळी गाईडचं बोलणं त्यानंच मला मराठीत करून सांगितलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"दिसली, माय," मी म्हटलं. "ती नाही, तिची पोरगी. म्हातारी झालीय आता."

"बसून जेवत होती?"

"हो. टेबलापाशी, नवऱ्याच्या बाजूला. निळा झगा होता तिचा. हसत हसत जेवत होती."

"अन् ताट?"

"वेगळं होतं, माय. तिचं तिचं."

मला वाटलं फोन तुटला. मग तिचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, आपल्या आपल्याशी बोलल्यासारखा. "मंग मी काही चुकली नव्हती."

एवढंच म्हणायचं होतं तुम्ही. तेव्हाच, पाहुणे गेल्यावर, किंवा नंतरच्या कोणत्याही दिवशी. 'तू काही चुकली नव्हती.' ते तुमच्या तोंडून निघालं असतं तर मला परक्या देशात बसून तुमच्याच भाषणातली वाक्यं वापरावी लागली नसती. आणि कशी भराभर आली हो ती! निळा झगा तर मी जागच्या जागी शिवला. मुलगा उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर पाहत उभा राहिला.

हे कागद मी इथेच फाडून टाकणार आहे. घरी नेता येणार नाहीत. तुम्ही गेल्यावर माय प्रौढांच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकली. आता चष्मा लावून हाताला लागेल ते वाचते, आणि हे तिच्या हाताला लागून चालणार नाही. तुमच्यापर्यंत तसंही काही पोचत नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. काल मी मुलाला त्या दुकानात पाठवून एक ताट आणवलं. त्यानं का ते विचारलं नाही. त्या बाईच्या पोरीनं खास तुझ्यासाठी दिलं, असं मायला सांगणार आहे. मात्र हे मी भिंतीवर टांगू देणार नाही. घरी पोचले की त्यात पुरणपोळी वाढीन, आणि ती बसेल.